चर्चच्या मनोऱ्याला अरेस्टर बसवताना : सोलापुरातल्या कामाच्या नोंदी

मे २०२४ मध्ये वळवाच्या पावसात आमच्या चर्चच्या मनोऱ्यावर वीज पडली. वरचा लोखंडी क्रॉस जागेवरच राहिला. त्याच्या खालचा छज्ज्याचा कोपऱ्यातला दगड मात्र फुटून थेट दारासमोर आला. मंगळवारची संध्याकाळ होती म्हणून निभावलं, रविवारी तिथे चपलांचा ढीग असतो. आत अँप्लिफायर, कीबोर्ड आणि दोन पंखे गेले, मीटरशेजारचा बोर्ड काळा पडला.

इमारत अमेरिकन मराठी मिशनच्या काळातली, शंभरी ओलांडलेली. काळा दगड, चुन्याच्या दरजा, सागाच्या कैच्या, मंगलोरी कौलं. मंडळीच्या सभेत अरेस्टर, म्हणजे पडणारी वीज झेलून सरळ जमिनीत नेणारी व्यवस्था, बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण अक्कलकोट रोडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. "विजेचं तुला कळतं." मलाही तसंच वाटत होतं. जुनं चर्च, देऊळ, दर्गा, वाडा, कुठेही हे काम काढणार असाल तर या नोंदी आधी वाचा, काही हजार रुपये वाचतील.

१९ जानेवारी २०२५, रविवार

उपासनेनंतर मापं घेतली. मनोऱ्यावर रॉड बसला की त्याचं टोक १९ मीटरवर जाईल. मुख्य दालन २१ मीटर लांब, १० मीटर रुंद, कौलांचा आढा ९ मीटरवर. क्रॉसपासून जमिनीपर्यंत धातूचा एकही सलग रस्ता नाही. म्हणजे इतकी वर्षं आपण विजेला बोलावत होतो आणि आल्यावर "आता तू तुझी वाट शोध" म्हणत होतो. तिने ती ओल्या दरजांमधून शोधली. दरजेतल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि दगड आतून फुटतो. पडलेल्या दगडाच्या मागच्या बाजूला चुना अक्षरशः उडालेला दिसतो.

अंदाजपत्रक सव्वा लाखाचं केलं. तो आकडा लक्षात ठेवा.

२५ जानेवारी

एक विक्रेता येऊन गेला. चकचकीत डबीसारखं टोपण असलेला रॉड, ६५ हजार. "एकच बसवा, १०७ मीटरपर्यंतचं सगळं सुरक्षित." समितीतल्या निम्म्या लोकांना पटलं, कारण एकाच रॉडमध्ये काम संपत होतं. मी रात्री आयएस/आयईसी ६२३०५, म्हणजे विजेपासून संरक्षणाचं मानक, घेऊन बसलो. त्यात रॉडच्या टोकात काय भरलंय याला जादा गुण नाहीत, रॉडची खरी उंची आणि लांबीच धरायची. साधा टोकदार तांब्याचा रॉड आणि ही डबी, हिशेबाला सारखेच. विक्रेत्याला फोनवर नम्रपणे नाही म्हटलं. खजिनदार अजून अधूनमधून विचारतात, "ती डबी का नाही घेतली?"

२ फेब्रुवारी, रविवार

समितीत ठाम समज असा, की मनोरा उंच आहे, मागच्या कौलांना कसली भीती? सांगून पटेना, तेव्हा ब्राऊन पेपर पसरला. एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर धरून चर्चची बाजू काढली. या मानकातल्या आमच्या संरक्षण-वर्गाला (तिसरा) ४५ मीटर त्रिज्येचा कल्पनेतला गोळा धरतात. तो गोळा जमिनीवरून घरंगळत आणून मनोऱ्याला टेकवायचा, तो जिथे शिवेल तिथे वीज पडू शकते. ४५ सेंटिमीटर सुतळीला पेन्सिल बांधून कमान मारली. आढ्याच्या उंचीवर मनोऱ्याचं छत्र जेमतेम ९.७ मीटर पोहोचतं. दालन २१ मीटर. म्हणजे वेदीकडचा सगळा भाग उघडा.

पाळकसाहेब कागदावर वाकून म्हणाले, "म्हणजे मीच उघड्यावर उभा असतो की!" ठराव तिथेच मंजूर झाला.

नवा आराखडा : मनोऱ्यावर एक रॉड, आढ्यावरून धातूची पट्टी, वेदीच्या टोकाला एक मीटरचा दुसरा रॉड. खाली उतरणाऱ्या पट्ट्या मी दोन धरल्या होत्या. इमारतीचा घेर ६६ मीटर आणि या वर्गात दर १५ मीटरला एक उतार लागतो, म्हणजे पाच. सव्वा लाख इथेच संपले.

१० फेब्रुवारी

अर्थिंगचा पहिला खड्डा. वर चार फूट काळी माती, मग दोन फूट मुरूम, मग पहार टणकन वाजली. खाली काळा पाषाण. तीन मीटरचा रॉड ठोकायचा होता, तो सहा फुटांवर अडला आणि घणाने त्याचं डोकं भजीसारखं पसरलं. ब्रेकर दोन दिवस भाड्याने आणला, फूटभर खोली मिळाली. अर्थिंगच्या रोधाचं रीडिंग ४४ ओहम. दहाच्या आत हवं.

कोणीतरी सुचवलं की आवारात दोनशे फुटांची बोअर आहे, तिच्या केसिंगला, म्हणजे आतल्या पाइपला, जोडा. आपल्या भागात बोअर दोनशे फूट असली तरी केसिंग खडक लागेपर्यंतच असतं, वीस-पंचवीस फूट. बेत सोडला असं नाही, पण भिस्त तिच्यावर ठेवली नाही.

वायरमन म्हणाला, मीठ-कोळसा टाकू. नको म्हटलं. मीठ पहिल्या दोन पावसाळ्यांत वाहून जातं आणि जायच्या आधी पट्टी खातं. खोल जाता येत नसेल तर आडवं पसरायचं : इमारतीभोवती भिंतीपासून मीटरभर अंतरावर जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्टीचं कडं. ते ईस्टरनंतर करायचं ठरलं.

१५ फेब्रुवारी

ही माझी स्वतःची चूक, म्हणून सविस्तर लिहितो. पैसे वाचवायला मी सगळीकडे अॅल्युमिनियमची २५ × ३ मिलिमीटरची पट्टी धरली होती. तांबं तेव्हा मीटरला ६४० रुपये पडत होतं, अॅल्युमिनियम सत्तर. ११० मीटर घेऊनही आलो. मंडळीतले एक मामा जुन्या सूतगिरणीत मेंटेनन्सला होते, चिमणीवर चढून तिथला अरेस्टर बघणं हे त्यांचं काम. त्यांनी पट्टी हातात घेतली आणि म्हणाले, "चुन्याच्या भिंतीला जर्मन चिकटवतो व्हय रे?" जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम.

मी म्हटलं, काय होतंय मामा. ते काही बोलले नाहीत. मिस्त्रीच्या पिंपातला भिजलेला चुना वाटीत घेतला, पट्टीचा वीतभर तुकडा त्यात अर्धा बुडवला आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत तुकड्याच्या कडेने बारीक बुडबुडे येऊ लागले, सोडा फोडल्यासारखे. संध्याकाळी बाहेर काढला तर बुडालेला भाग राखाडी, खरखरीत. आमची भिंत चुन्याची, वर दर नाताळाला चुन्याचाच हात. पावसात भिंत ओली राहिली की असंच होत राहणार, फक्त सावकाश.

भिंतीवर तांबं, कौलांवरच्या आढ्याला अॅल्युमिनियम (कौलाला चुना नाही) असं ठरलं. ८० मीटर परत केली, दुकानदाराने अकराशे कापून घेतले. पुढे एक गोष्ट कळली, तीही लिहितो : तांब्यावरून ओघळलेलं पाणी अॅल्युमिनियमवर पडू द्यायचं नाही, तेही खातं. म्हणून मनोऱ्याच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या कोपऱ्यांवरून उतरवल्या, कौलांच्या बाजूने नाही. जिथे दोन धातू भेटतात तिथे बायमेटल वॉशर.

३ मार्च, सोमवार

परांची उभी राहिली. साठ फूट, लोखंडी पाइपची. पंधरा दिवसांचे २४ हजार, पुढे रोज ७००. मी म्हटलं, बारा दिवसांत उरकतो.

४ मार्च

मनोऱ्याच्या उत्तरेच्या छज्ज्याखाली आग्या मोहोळ. खालून सावलीत काळा डाग दिसायचा, मला शेवाळ वाटलं होतं. पोरगा चाळीस फुटांवर पोहोचला आणि तो डाग हलला. लाटेसारखा, वरून खाली. पोरगा कसा उतरला त्याचं त्यालाच माहीत. दोन डंख, नशीब.

मध काढणारे म्हणाले, होळीचं चांदणं सरू द्या, अंधाऱ्या रात्री येतो. पाळकांनी अट घातली की जाळायचं नाही, फक्त धूर.

२२ मार्च

मोहोळ उठलं. साडेतीन हजार आणि एक बाटली मध. परांची एकोणीस दिवस नुसती उभी. परांची बांधायच्या आधी दुर्बीण घेऊन छज्ज्याखाली बघा, एवढंच सांगतो.

२६ मार्च

मनोऱ्यावर काम सुरू. सॅडलसाठी (पट्टी भिंतीला धरून ठेवणाऱ्या क्लिपांसाठी) भोकं दरजेतच पाडायची, दगडात नाही, असं बजावलं होतं. मी जेवायला गेलो तेवढ्यात वायरमनच्या हाताखालच्या पोराने हॅमर ड्रिल सरळ कोपऱ्याच्या दगडाला लावलं. तळहाताएवढी कपची उडाली. ओरडून उपयोग नव्हता, दरज कुठली हे त्याला दाखवलंच नव्हतं कोणी. त्यानंतर प्रत्येक भोकाच्या जागी खडूने फुली मी स्वतः मारली. कपची मिस्त्रीने चुना आणि दगडाची भुकटी घालून बसवली. सिमेंट कुठेही नाही. लोखंडी खिळे तर मुळीच नाहीत, ते गंजून फुगतात आणि दगड फोडतात. सॅडल गनमेटलचे, स्क्रू स्टेनलेस.

२९ मार्च

छज्ज्याचा घोळ. छज्जा ५५ सेंटिमीटर बाहेर आलेला, जाडी फक्त १२. वायरमनने पट्टी छज्ज्यावरून बाहेर नेऊन, खाली वळवून, पुन्हा आत भिंतीपर्यंत आणली. दिसायला सुबक. मामांनी खालूनच मान हलवली. हिशेब असा : वळशाची लांबी ५५ + १२ + ५५ = १२२, आणि वळशाची दोन टोकं एकमेकांपासून १२ सेंटिमीटरवर. दहा पट. जुना नियम आठ पटीच्या आतला. याहून लांब वळसा दिला तर वीज फेरा न मारता मधल्या दगडातून आरपार जाते. म्हणजे मागच्या वर्षी जे झालं ते आपणच पुन्हा होऊ द्यायचं.

एका कोपऱ्यात सोपं गेलं. मागच्या वर्षी दगड पडला होता तिथे नवा बसवायचाच होता, पाथरवटाला सांगून त्यात आधीच खाच ठेवली. दुसऱ्या कोपऱ्यात मात्र छज्ज्याला भिंतीलगत भोक पाडावं लागलं. आधी दगडात भोक नाही म्हणून शपथा घालणारा मी, तिथे स्वतः उभा राहून हळूहळू, हॅमर बंद ठेवून ड्रिल चालवून घेतलं. पाऊण दिवस गेला.

कौलांवर चढल्याने चाळीसेक कौलं फुटली. ही खर्चात धरा, कोणी धरत नाही.

४ एप्रिल

सकाळी बघतो तर तांब्याच्या गुंडाळीतून चार मीटर कापून नेलेलं. सरळ कापलंय, हातकरवतीने. पोलिसांत अर्ज दिला. राहिलेली गुंडाळी पाळकांच्या बंगल्यात, पलंगाखाली.

६ एप्रिल, रविवार

चोरीचा धसका घेऊन वायरमनने खालच्या दहा फुटांवर तांब्याच्या पट्टीभोवती जीआयचा पाइप चढवला, भक्कम. मी शाबासकी दिली. रात्री झोपेत जाग आली. आयुष्यभर मी कॉइलमध्ये लोखंडी कोअर घालतोय आणि मला हे कळू नये? विजेचा प्रवाह सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाच्या हिशेबात चढतो. त्याच्याभोवती लोखंडाची नळी म्हणजे चोक. प्रवाह अडतो आणि शेजारची वाट बघतो. शेजारी दार, आणि दाराशी माणसं. सोमवारी पाइप काढून जाड पीव्हीसीचा घातला. लोखंडीच हवा असेल तर त्याची वरची आणि खालची दोन्ही टोकं पट्टीला जोडायची, मग चालतं. पाचही उतारांशेजारी पाटी लावली : "गडगडत असताना येथे उभे राहू नये." पोरं आता तिथेच उभी राहून फोटो काढतात.

९ एप्रिल

घंटेची लोखंडी चौकट आणि मनोऱ्यातला लोखंडी जिना पट्टीला जोडला. नाहीतर पट्टीतून उतरणारी वीज मध्येच चौकटीकडे उडी मारते. पाळकांनी सांगितलं की युरोपात पूर्वी वादळ आलं की घंटा वाजवायची चाल होती, घंटांवर लॅटिनमध्ये "फुल्गुरा फ्रांगो" कोरत, म्हणजे मी विजा मोडते. आणि ओला दोर धरून वाजवणारेच मरत. आमच्याकडे घंटा वाजवणारे काका ऐकत होते. म्हणाले, "मग मे महिन्यात माझी रजा."

वर काम चालू असताना मोबाइलवर दामिनी अॅप उघडं ठेवायचो, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं. आज दुपारी इशारा आला, सगळे खाली. तासभर गेला, एक थेंब पडला नाही. तरी उतरायचंच.

११ एप्रिल

परांची उतरवली. परवा झावळ्यांचा रविवार, त्याआधी अंगण मोकळं करायचं कबूल केलं होतं. परांचीचं बिल ४०,८००.

२२ एप्रिल

ईस्टर झाला, कड्याची चरी सुरू. अडीच फूट खोल. दक्षिणेच्या भिंतीलगत दोन जुन्या कबरी आहेत, शिळेवरची अक्षरं झिजलेली. मंडळीतल्या एका आजींनी चरीच्या तोंडाशी खुर्ची टाकली. म्हणाल्या, "माझ्या आजोबांच्या उशाशी खणू देणार नाही." मी नकाशा दाखवू लागलो तर त्यांनी चष्मा काढून ठेवला. कडं गोलच असावं असा काही नियम नाही. तिथे अडीच मीटर बाहेरून वळसा घेतला, पट्टी सहा मीटर जास्त गेली. आजींनी मजुरांना शेंगा-गूळ दिला.

२५ × ६ ची जीआय पट्टी, पाच शेपट्यांसह ८८ मीटर. सांधे वेल्डिंगचे, वर डांबर आणि टेप. शेपटी जमिनीतून जिथे बाहेर येते तिथे वीतभर वर आणि वीतभर खाली टेप हवीच, गंज नेमका तिथे सुरू होतो. मीटरभर उंचीवर टेस्ट लिंक, म्हणजे मोजणीसाठी उघडता येणारा सांधा : वरून तांबं, खालून जीआय.

मुरूम होता तिथे बेंटोनाइटच्या वीस गोण्या. आता गंमत बघा, बेंटोनाइट म्हणजे आपल्या काळ्या मातीच्याच जातीची चिकणमाती, फक्त जास्त फुगणारी. काळ्या मातीच्या गावात मातीच्या गोण्या विकत घेतल्या म्हणून घरी हसले. बाकी चरीत आवारातलीच काळी माती, दगड निवडून, पाणी मारून, थर दाबून. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पट्टीपासून सुटते, म्हणून दाबणं महत्त्वाचं.

२ मे

रीडिंग : ०.९ ओहम! पेढे वाटले.

३ मे

मामांनी विचारलं, मोजणीच्या सळया कुठे ठोकल्यास? आवारातच, वीस आणि बारा मीटरवर. "अरे, तुझं कडंच आवारभर आहे. कड्यात उभा राहून कडं मोजतोस?" शिवाय एक सळई नळाच्या जुन्या बिडाच्या पाइपशेजारी. रीडिंग शून्य किमतीचं.

५ मे

शेजारच्या शाळेला सुट्टी, मैदान मागून घेतलं. प्रवाहाची सळई १२० मीटरवर, मधली ७५ वर, मग मधली सहा-सहा मीटर पुढे-मागे सरकवून तिन्ही आकडे जवळपास येतात का ते पाहिलं. आले. ५.८ ओहम. जमीन वर्षातली सगळ्यात कोरडी असताना ५.८, हे मला ०.९ पेक्षा जास्त आवडलं. पेढे परत वाटले नाहीत.

१० मे

मेन बोर्डला सर्ज प्रोटेक्टर (तारेवरून येणारा विजेचा झटका अर्थिंगकडे वळवणारं उपकरण), टाइप एक आणि दोन एकत्र असलेला, ११,८००. त्याची अर्थिंगची वायर आधी सुंदर वळणं घेऊन दीड मीटर गेली होती. कापून अर्धा मीटर केली, सरळ. वीज तारेवरूनही आत येते, मनोऱ्याला कितीही तांबं लावा. बोअरच्या स्टार्टरलाही एक बसवला आणि मग केसिंग कड्याला जोडलं.

१८ मे

यंदा पाऊस मेच्या मध्यालाच आला. रीडिंग ३.१. चरी दोन ठिकाणी वीतभर खचली, माती भरली.

२५ मे

हिशेब सभेत ठेवला. एकूण २ लाख १७ हजारांच्या आसपास. त्यात तांबं ६०,५०० आणि चोरीचे तीन हजार वेगळे. परांची ४०,८००, चरीची मजुरी १६,८००, गनमेटल सॅडल साडेदहा हजार. रॉड दोन्ही मिळून या यादीत सगळ्यात स्वस्त वस्तूंत आहेत. निव्वळ माझ्या आणि मोहोळाच्या चुकांचे एकवीस हजारांवर. खजिनदारांनी मोहोळाचे माझ्या नावावर टाकले. अडीच तास सभा, त्यातला एक तास त्या ६५ हजारांच्या डबीवर.

२८ सप्टेंबर, रविवार

महिनाभर पाऊस, सीना नदीला पूर, माढा आणि मोहोळ तालुक्यांकडच्या गावांसाठी चर्चमध्ये धान्य गोळा करणं चालू आहे. त्या गर्दीत जिना चढून वर गेलो. दक्षिणेचा एक सॅडल ढिला, घट्ट केला. तिसऱ्या उताराच्या टेस्ट लिंकचा बोल्ट हाताने फिरला, म्हणजे मेमध्ये कोणीतरी पान्हा न लावताच सोडला होता, आणि त्या उताराला पान्हा माझ्याच हातात होता. पाचही लिंक उघडून, घासून, ग्रीस लावून बंद केल्या. रीडिंग २.४.

वेदीकडच्या रॉडवर एक पोपट बसलेला दिसला. खाली नवीन कीबोर्डची पिन मात्र पाळक दर उपासनेनंतर अजूनही स्वतः काढून ठेवतात. पुढचं रीडिंग २०२६ च्या मेमध्ये, वळीव येण्याआधी, शाळेचं मैदान मोकळं असताना.